तिकडे कोणी राहत नाही

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले, आणि मी अजून तुमच्याच लाद्यांवरून चालते आहे. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून बाल्कनीतल्या खुर्चीपर्यंत तुमची जी वाट ठरलेली होती, तिच्यावरूनच. मधल्या लाद्या मोकळ्या राहतात. काल वैशालीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू पण?" बागेत तिनं तुम्हाला कितीदा हिरवळीवर बोलावलं असेल! तुम्ही फरशांची पायवाट कधी सोडली नाहीत. "हितनंबी दिसतंय की मला," म्हणायचात.

सोसायटीच्या फळ्यावर तुमच्याबद्दल लिहिलं होतं, 'सुभेदार (निवृत्त), नंतर परदेशात नोकरी.' भेटायला आलेल्या निम्म्या लोकांना वाटलं, तुम्ही आखातात होतात. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्यांची लढाई संपली की तिचे जमिनीत राहिलेले सुरुंग काढायला माझा नवरा जायचा, गुडघ्यांवर बसून दिवसाकाठी दोन-चार चटयांएवढी जमीन साफ करायचा, हे दारात उभ्याउभ्या कसं सांगायचं? तुम्ही बारा देश पाहिलेत म्हणून पाहुणे कौतुक करत होते. तुम्ही त्या देशांची फक्त माती पाहिलीत. तीही जवळून, टोपाच्या काचेच्या झापडीतून.

तुमचा डावा कान त्या कामात गेला आणि उजवा अर्धा राहिला. पण जमिनीतून आलेलं तुम्हाला कळायचं. उन्हाळ्यात इथे सोसायटीशेजारच्या बोनकोडे गावात मसाल्याचं कांडप सुरू झालं की तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचात.

"सुमन, काय वाजतंय गं?"

"काही नाही."

"न्हाय कसं? धप धप हाय."

"अहो, मसाला कुटतायत गावात."

तुम्ही मान हलवायचात आणि माझ्याकडे बघत राहायचात. मी स्वयंपाकघरात निघून जायचे. का जायचे, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज तेच सांगायला बसले आहे. तेरा वर्षं उशिरा, आणि तुम्ही नसताना.

तुमचा फोन आला होता ती सकाळ मला अजून आठवते. तुम्ही श्रीलंकेच्या उत्तरेत होतात. तिथली लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती आणि माणसं अजून छावण्यांत राहत होती, कारण त्यांच्या गावांभोवती दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरून ठेवलेले होते. तुम्ही वर्षभर खपून एका गावाचा रस्त्यापासून विहिरीपर्यंतचा भाग साफ केला होता. जमीन ताब्यात देताना तुमच्या माणसांनी आधी गावकऱ्यांसमोर तिच्यावरून चालून दाखवायचं, अशी तुमच्याकडची रीत. पण त्या गावच्या बायका ऐकेनात. त्या म्हणाल्या, "तुम्ही पगारासाठी चालता. स्वतःची बायको चालवून दाखवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, विचारतो."

अहो, मी तेव्हा तुमच्यावर किती ओरडले! पोरगी कॉलेजात, घरात मी एकटी, आणि तुम्ही मला सुरुंगांवर चालायला बोलावताय. तीन दिवस मी फोन घेतला नाही. पण त्या एका शब्दापाशी माझा राग येऊन थांबायचा. 'येईल ती' असं तुम्ही म्हणाला नव्हतात. 'विचारतो' म्हणाला होतात. आपल्याकडच्या किती नवऱ्यांनी असं म्हटलं असतं? चौथ्या दिवशी मीच फोन केला.

"तुम्ही स्वतः तपासलंय?"

"इंच न् इंच."

"मग येते."

त्या गावाबद्दल मी वैशालीला कधी काही सांगितलं नाही. तुमच्याशीही फार बोलले नाही, कारण तुम्हाला ते दिसतच होतं. घरं होती, पण एकावरही छप्पर नव्हतं. एका घराच्या मधोमध झाड वाढलं होतं आणि पुढच्या दाराला मात्र कुलूप तसंच. एका ओट्यावर लहान मुलाच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, त्यांच्यात वारूळ. ताडांचे शेंडे उडालेले, नुसते खांब उभे. सगळ्यांत वाईट म्हणजे पक्ष्यांचा आवाज नव्हता. भर दुपारी, एवढ्या उन्हात, एवढ्या झाडीत एक पाखरू बोलत नव्हतं. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या डाव्या अंगाला एक बांध होता आणि बांधापलीकडे अशीच आणखी पंधरा-वीस घरं. तो भाग पुढच्या वर्षी साफ करायचा होता. तिकडे लाल शेंड्याच्या काठ्या आणि कवटीच्या पाट्या.

तिथेच सेल्वी मला पहिल्यांदा भेटली. तुमची दुभाषी, बावीस-तेवीस वर्षांची, त्याच गावची. तिची हिंदी तुमच्या जवानांकडून शिकलेली, त्यामुळे सगळी पुल्लिंगी. "मैं आपके साथ चलेगा," ती मला म्हणाली आणि माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. मला वाटलं, ही माझ्यासाठी घाबरली आहे.

काम सुरू करण्याआधी तुम्ही छावणीतल्या लोकांना बसवून विचारलं होतं, बांधापलीकडे कोणी आहे का. सेल्वीनं तमिळमध्ये विचारलं, माणसं काहीबाही बोलली, आणि सेल्वीनं तुम्हाला सांगितलं, "उधर कोई नहीं रहता." तुम्ही तसंच लिहिलंत. खाली सही केलीत.

चालायच्या आधी तुम्ही मला सांगितलंत, "वाटेत थांबायचं न्हाय. बोलायचं न्हाय. तू थांबलीस तर त्या बाया कधीच पाऊल टाकनार न्हाईत." मी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पुढे, मी मागे, सेल्वी माझ्या उजव्या हाताला. रस्त्यावर काळ्या छत्र्या घेतलेल्या त्या सगळ्या बायका माझ्या पायांकडे बघत होत्या. माती गरम होती. मी तुमच्या मानेवरच्या घामाच्या रेषेकडे बघत चालले.

अर्ध्या वाटेवर मला ते ऐकू आलं.

धप. मग श्वास घ्यायला लागतो तेवढा थांबा. पुन्हा धप.

साताऱ्याकडच्या मुलीला तो आवाज ओळखायला विचार करावा लागत नाही. मुसळाचा आवाज. कोणीतरी उखळात कांडत होतं, बांधापलीकडे, त्या बिनछपराच्या घरांमध्ये, जिथे कोणी राहत नव्हतं.

मी तुमच्या मानेकडे पाहिलं. तुमचं पाऊल अडखळलं नाही. अडखळणार कसं? डावीकडे बांध आणि तुमचा डावा कान गेलेला. मला वाटलं, हे मला एकटीलाच ऐकू येतंय. खरं सांगू? मला वाटलं, त्या गावात मेलेल्या बायका कांडतायत. आपण जिवंत माणसं त्यांच्या अंगणातून चाललोय, ते त्यांना कळलंय आणि त्या आपल्याला कळवतायत. तेवढ्यात सेल्वी एकदम रस्त्यावरच्या बायकांकडे बघून मोठमोठ्यानं तमिळमध्ये बोलायला लागली, टाळ्या वाजवायला लागली. बायकांनीही टाळ्या धरल्या. आवाज त्यात बुडाला. मी विहिरीपर्यंत पोचले.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे. एक बाई आली, मग दुसरी, मग सगळ्याच. एक म्हातारा आपल्या दाराची चौकट धरून रडत राहिला. मोठे साहेब आले, फीत कापली, फोटो निघाले. तुम्ही माझ्याजवळ येऊन विचारलंत, "तोंड का उतरलंय गं? काय झालं?"

"ऊन," मी म्हणाले.

एवढंच. त्याऐवजी 'तिकडे कोणीतरी कांडतंय' असं म्हटलं असतं, तर तुम्ही हसला नसतात. तुम्ही काम थांबवलं असतंत. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण सगळे टाळ्या वाजवत होते, तुमच्या चेहऱ्यावर वर्षभराचं हसू होतं, आणि मला घाबरट बायको व्हायचं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही बांधाच्या कडेनं काटेरी कुंपण घालून घेतलंत. आता गावात पोरंबाळं येणार. "एक बाजू मोकळी झाली की मानसं दुसऱ्या बाजूला घाबरायची थांबतात," तुम्ही म्हणालात. बरोबरच होतं ते. तुमचं प्रत्येक काम बरोबर होतं.

दोन दिवसांनी सकाळी आपण तुमच्या तंबूबाहेर चहा पीत होतो. आवाज काही मोठा नव्हता, वाऱ्यानं दार आपटावं एवढाच. मला आधी कळलंही नाही. तुम्हाला पायांतून कळलं. तुमच्या हातातला कप तसाच राहिला आणि तुम्ही बांधाच्या दिशेनं बघितलंत.

एक म्हातारी होती. बांधापलीकडच्या एका घरात ती राहत होती. तुमच्या माणसांनी वाट काढत तिथवर जाऊन पाहिलं, तर जमीन झाडून स्वच्छ केलेली, ताडाच्या पानांची चटई, तीन दगडांची चूल, उखळ आणि मुसळ. घरापासून बांधापर्यंत पायानं पडलेली चिंचोळी वाट होती. ती वाट जिथे बांधाला लागत होती, नेमका तिथेच तुमच्या नव्या कुंपणाचा खांब. रोजची वाट बंद झाली म्हणून ती चार हात बाजूनं यायला निघाली होती.

सेल्वी मातीत बसली आणि "अम्मम्मा" म्हणाली. तिच्या आईची आई. लढाईच्या शेवटच्या दिवसांत ती वारली असं सगळे समजत होते, असं तिनं सांगितलं. तुम्ही तिच्यासमोर हात जोडून उभे होतात. डोक्यावरचा तो जड टोप काढायचंही तुम्हाला सुचलं नव्हतं.

मी तेव्हाही बोलले नाही. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलणं फार अवघड होतं. तिसऱ्यांदा तर होतच नाही.

त्यानंतर तुमची कामाची पद्धत बदलली. पुढे आफ्रिकेतल्या एका देशात तुम्ही तीन आठवडे काठी रोवली नाहीत. बायकांमध्ये बसून कसलासा पाला उकळलेलं पाणी पीत राहिलात. पाणी कुठून आणता, शेळ्या कुठे जात नाहीत, संध्याकाळी कुठून धूर दिसतो, हे त्यांना विचारत राहिलात. 'काम संथ' असं तुमच्या वरच्या साहेबांचं पत्र आलं, तुम्ही ते मला वाचून दाखवलंत आणि बऱ्याच दिवसांनी हसलात. पुढे नोकरी संपल्यावर वाशीच्या एका कॉलेजात कुठलंसं व्याख्यान होतं, लढाईनंतर देश पुन्हा कसे उभे करतात त्याच्यावर. मीही आले होते. पडद्यावर चित्रं होती. पूल बांधला, शाळा रंगवली, मतदान घेतलं, बंदूक जमा करणाऱ्याला शिलाई मशीन दिलं. एका देशात तर गावच्या चौकात माणसं बसवून कोणी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायला लावलं. तुम्ही मागच्या रांगेतून उभे राहिलात आणि विचारलंत, "पन सर, मानसांना विचारलं किती वेळा?" वक्त्यांना प्रश्न कळला नाही. कोणीतरी हसलं.

घरी येताना आपलं भांडण झालं. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत की."

"एकदा विचारलं. एकदा इचारून कोन सांगतं? आमी जमिनीला रोज विचारत हुतो, हात हात जमिनीला. मानसांना एकदा."

"विसरा आता ते."

"मी इसरलो तर तिला आठवनारं कोन हाय, सुमन?"

ते भांडण आपण संपवलंच नाही. तुम्ही जायच्या दोन दिवस आधी बाल्कनीत बसून तुम्ही मधूनच बोललात, जणू तेरा वर्षं तोच विषय चालू होता. "एकाला तरी ऐकू आलं असंल. एवढी बाई राहते, चूल पेटवते, उखळ हाय घरात. माझा कान गेला. बाकीच्यांचे हुते की!"

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आता वाटतं, तुम्ही मला विचारत होतात. एकदा नाही, तेरा वर्षं विचारत होतात.

मी म्हटलं, "दूध उतू जाईल," आणि उठले. गॅसवर दूध नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच खुर्चीत तुमची मान कलली.

परवा दुपारी मला ते पुन्हा ऐकू आलं. धप, थांबा, धप. मसाल्याचे दिवस केव्हाच संपले आहेत. मी चपला घालून बोनकोड्यात गेले. कांडपाच्या गाळ्याचं शटर खाली, कुलपावर धूळ. शेजारच्या ओट्यावर एक आजी मासळी साफ करत होत्या. त्या म्हणाल्या, "मसाला कुटाचाय का गो? आता बंद हाय. शिमग्यानंतर ये."

"मग हा आवाज कसला येतोय?"

त्यांनी हात थांबवून ऐकलं. "मना त काय नाय आयकू येत," म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा बघत राहिल्या.

मला तर त्यांच्याशी बोलतानाही येत होता.

घरी आले तर तुमचा मोबाइल वाजत होता. सेल्वी. तिला कोणाकडून तरी कळलं होतं. ती आधी खूप रडली. मग तिच्या गावाचं सांगत राहिली. बांधापलीकडची घरंही आता भरली आहेत, छपरं आली आहेत, ती तिथल्या शाळेत शिकवते. तिची हिंदी अजून तशीच आहे. मी तुमच्या खुर्चीत बसून ऐकत होते. बोलता बोलता मधेच ती म्हणाली,

"मॅडम, एक बात है. साब को कभी नहीं बोला."

मग तिनं सांगितलं. अम्मम्मा जिवंत आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईलाही, छावणीतल्या चार घरांनाही. म्हातारीला आपलं घर सोडायचं नव्हतं. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तिला उचलून छावणीत आणलं असतं आणि ती तिथे आठवडाभरही जगली नसती, असं त्यांना वाटत होतं. म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा चार जण म्हणाले 'सांगू नको', आणि सेल्वीनं 'कोणी राहत नाही' असं हिंदी केलं. ती दर दोन दिवसांनी बांधावर तांदूळ ठेवून यायची. समारंभाची तयारी सुरू झाली, पहारा वाढला, आणि पाच दिवस तिला जाता आलं नाही. कुंपण घातल्यावर तिनं ठरवलं होतं, उद्या साहेबांना सांगायचं. मग परवा. परवाच्या सकाळी तो स्फोट झाला.

"पाच दिवस तांदूळ नव्हता?" मी विचारलं.

"नहीं था."

"मग ती कांडत काय होती?"



"खाली," ती म्हणाली. "खाली मारता था." रिकाम्या उखळात. तांदूळ संपला की ती असं करायची, सेल्वीला कळावं म्हणून. मी आहे, एवढंच. त्या दुपारी आम्ही चालत होतो तेव्हा सेल्वीनं ते ऐकलं, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून ती मोठ्यानं बोलायला लागली, टाळ्या वाजवायला लागली.

"आपने कैसे जाना, मॅडम? आपने सुना था?"

"हो," मी म्हणाले. "ऐकलं होतं."

अहो, आम्ही दोघी फोनच्या दोन टोकांना बसलो होतो. एक मुंबईच्या खाडीपाशी, एक समुद्रापलीकडे, आणि मधे तुम्ही. सगळं नीट तपासून, सगळं नीट लिहून, तरी आयुष्यभर स्वतःला गुन्हेगार समजलेले. आमच्यापैकी कोणी एकीनं एक वाक्य बोललं असतं तर ती म्हातारी वाचली असती. नंतर कधीही बोललं असतं, तर निदान तुम्ही वाचला असतात.

शेवटी ती म्हणाली, "साब को बोलना था."

"मला पण," मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं.